नखाच्या रंगाची रेघ

भिंत एका विटेची होती, आणि एका विटेच्या भिंतीला गुपित राखता येत नाही. अलीकडच्या खोलीत शेजारीण भांडी विसळत होती. तिनं मुद्दाम कान दिला नव्हता हो. पण पलीकडचा आवाज इतका चढला की नळ बंद करणं भाग पडलं. चालू ठेवला असता तर अर्धं भांडण पाण्यातच वाहून गेलं असतं.

"ही बाटली कुणाची?" बायको विचारत होती.

पलीकडे खुर्ची हलवून बघितल्याचा आवाज.

"मी काय विचारतेय? ही लाल नेलपॉलिशची बाटली कुणाची? मी जन्मात असला भडक रंग लावला नाही. तुमच्या खिशात कशी आली?"

"माझीच आहे."

"तुम्ही नखं रंगवता?"

"मशीनसाठी आहे."

"मशीनला नखं असतात?"

इथे शेजारणीच्या हातातलं ताट सुटलं आणि मोरीत असं वाजत गेलं की पलीकडची दोघंही चिडीचूप झाली. थोड्या वेळानं बायकोचा आवाज आला, एकदम बारीक. "बघा, ऐकलं तिनं."

"मग तिलाच विचार," नवरा म्हणाला, "मशीनला नखं असतात का ते."

त्यावर ती जी हसायला लागली, ती थांबेचना. भांडण तिथेच संपलं. या गोष्टीला वीस वर्षं होऊन गेली, पण ती बाटली काही संपली नाही. म्हणजे एक संपली की दुसरी येत राहिली.

तो माणूस म्हणजे हलव्या. खरं नाव पगारपत्रकावर असेल, पण सगळे हलव्याच म्हणत, कारण कुठलीही वस्तू दिसली की तिच्यावर तळहात ठेवायचा आणि हलवून बघायचं, ही त्याची खोड. कुणाच्या घरी गेला तर बसण्याआधी खुर्ची हलवायचा. दुकानात गेला तर काउंटर हलवायचा. बायको म्हणायची, "मला बघायला आले होते ना, तेव्हा आधी आमचं टेबल हलवून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. टेबल डुगडुगत होतं. मला मात्र पसंत केलं."

पण ही खोड त्याच्या पोटापाण्याचीच होती. एटीएमचं मशीन आपल्याला बोलकं कपाट दिसतं. त्याच्या पोटात तिजोरी असते, आणि तिजोरीच्या तळाला चार भोकं. त्या भोकांतून चार जाडजूड बोल्ट जमिनीत गेलेले असतात, आत खोलवर. चोर काही खुळे नसतात. तिजोरी फोडायला वेळ लागतो, तोवर भोंगा वाजतो, माणसं गोळा होतात. म्हणून ते साखळी बांधतात, ट्रकला जोडतात आणि अख्खं मशीनच मुळासकट उपटून नेतात. मग घरी बसून फोडतात निवांत. हे होऊ नये म्हणून कंपनीनं खूप काही केलं होतं. कॅमेरे लावले, हादरा बसला की ओरडणारे भोंगे लावले, दाराबाहेर लोखंडी खांब पुरले. आणि या सगळ्याच्या खाली, अगदी खरोखरीच खाली, गुडघे टेकून, तिजोरीत डोकं घालून हलव्या बसलेला असायचा. चार नट, एक पाना, एक टॉर्च.

त्याच्याकडे त्रेचाळीस मशीनं होती. दर महिन्याला एकेका मशीनची फेरी. तिजोरी उघडायला दोन किल्लीवाले यायचे, एक जाडा आणि एक बारीक, कारण एकट्याच्या किल्लीनं ती उघडत नसे. नोटांचे डबे बाहेर निघाले की हलव्या भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. तसा नियम नव्हता. "आपल्याला नट बघायचेत," म्हणायचा, "दुसरं काही बघितलं की मग दुसरं काहीतरी बोलावं लागतं."

डबे बाजूला झाले की तो आत शिरायचा. जुनी रेघ तपासून पुसायचा, नट आवळायचा, आणि मग नटावरून खालच्या लोखंडी पट्टीपर्यंत एक सलग रेघ ओढायचा. युक्ती एवढीच. नट केसभर जरी कुणी फिरवला तरी रेघ तुटते. पुढच्या महिन्यात नुसता उजेड मारला की कळतं, इथे कुणाचा हात लागलाय की नाही. कंपनीनं यासाठी दिलेला रंग वाळायला दुपार जायची, आणि किल्लीवाले काही तिजोरी उघडी ठेवून दुपारभर बसणार नव्हते. तेव्हा नेलपॉलिश शोधून काढलं ते हलव्यानं. पुढे कंपनीच्या पुस्तिकेत ओळ छापून आली, 'नटावर लाल रेघ असावी.' नाव नव्हतं त्याचं, पण ओळ त्याचीच.

आणि खरं सांगायचं तर अर्धी ओळ बायकोची. त्या भांडणानंतर तिनं सगळं समजून घेतलं आणि त्याला धारेवर धरलं.

"आधी तेल पुसता का?"

"नाही."

"मग टिकेल कशी? तेलकट नखावर रंग धरतो का कधी? आणि एकच जाड हात देऊ नका, तडकतो. उगाच तुम्हाला वाटायचं चोर येऊन गेला. दोन पातळ हात द्या. आणि फुंकर लांबून मारा. जवळून मारली की बुडबुडे येतात."

तेव्हापासून तो तिजोरीत डोकं घालून लांबून फुंकर मारायचा. जाडा किल्लीवाला म्हणायचा, "काका, चटका बसला का मशीनला?"

"वाळवतोय."

"मग अंगाई पण म्हणा, म्हणजे झोपेल लवकर."

हा विनोद दर महिन्याला त्रेचाळीस वेळा व्हायचा, आणि बारीक किल्लीवाला त्रेचाळीसही वेळा हसायचा. भला माणूस.

बाटली आणायला बायको जायची, कोपऱ्यावरच्या पिनावालीकडे. पिना, कंगवे, टिकल्या, बाटल्या, सगळं बायकांचं सामान. हा रस्त्यापलीकडे थांबायचा. त्या दुकानात शिरायला त्याला लाज वाटायची. बाटलीत तळाशी रंग उरला की तो वाया कशाला घालवायचा म्हणून बायको आपल्या नखांना लावायची. भडक रंग जन्मात लावला नाही म्हणणारी बाई, पण वीस वर्षं तिची दहा नखं आणि त्रेचाळीस मशीनांचे नट एकाच बाटलीतून लाल होत होते. त्याच्या मते गावात दुसऱ्या कुणाला हे ठाऊक नव्हतं. एका विटेच्या भिंतीला तेवढं होतं.

मग ती आजारी पडली. दवाखान्यात नर्स म्हणाली, ऑक्सिजन मोजायला बोटाला चिमटा लावायचाय, रंग असला की आकडा चुकतो, पुसावा लागेल. ती म्हणाली, "एका बोटाचा पुसा, नऊ राहू द्या." नर्सनं दहाही पुसले. संध्याकाळी हलव्या गेला तर ती स्वतःचे हात समोर धरून बघत होती.

"कुणाचे हात वाटतात हो हे?"

"तुझेच."

"छे. हे कुणातरी पाहुणीचे हात." मग म्हणाली, "नखाच्याच रंगाची बाटली आणा. म्हणजे त्यांना कळायचंही नाही, लावलंय म्हणून."

तेव्हा तो पहिल्यांदा पिनावालीच्या दुकानात शिरला. काउंटर हलवून बघायचंही विसरला.

"आज बाई नाही आल्या?" पिनावालीनं विचारलं.

"दवाखान्यात आहे. नखाच्या रंगाची द्या."

बायकोनं डाव्या हाताला आपणच लावलं. उजव्या हाताशी आली तोवर दमली. म्हणाली, "उजवा उद्या तुम्ही लावा. मशीनला लावता तसा. तेल पुसून."

तो उद्याचा दिवस आलाच नाही.

पुढचं काय सांगायचं? मुलगी लांब, समुद्रापलीकडे. ती आली, पंधरा दिवस राहिली, गेली. आता रविवारी फोन करायची.

"बाबा, जेवलात?"

"हो."

"काय जेवलात?"

"होतं ते."

"बरे आहात ना?"

"हो, हो. इथे सगळं घट्ट आहे."

खोलीत खरंच सगळं घट्ट होतं. पलंगाचे पाय, फळी, आरशाचा खिळा, सगळं त्यानं एकेक करून हलवून बघितलं होतं. दोन खुर्च्या होत्या, एकीवर तो बसायचा आणि दुसरीवर आवराआवर ठेवायचा. शेजारीण पूर्वीसारखीच भांडी विसळायची, पण आता नळ बंद केला तरी पलीकडून काही येत नसे. एक कप ठेवल्याचा आवाज. एकच. मग बराच वेळ काही नाही.

लाल बाटली संपली. नवी आणायची तर पिनावालीकडे जायला हवं, आणि गेलं की ती विचारणार, आज बाई नाही आल्या? या एका प्रश्नासाठी तो कोपरा टाळून लांबच्या रस्त्यानं कामाला जायला लागला. बायकोच्या पिशवीत ती नखाच्या रंगाची बाटली होती, एका हाताएवढीच संपलेली. फेकवत नव्हती, ठेववत नव्हती. एके सकाळी त्यानं ती पान्याच्या पिशवीत टाकली. रेघ ओढल्याशी मतलब, असा त्यानं विचार केला.

आणि इथेच त्याची चूक झाली. करड्या नटावर ती रेघ दिसायचीच नाही. त्याचं काही अडत नव्हतं, तो अंगठ्याचं नख फिरवून रेघ ओळखायचा, नखाला बारीकशी उंची लागली की झालं. दुसऱ्या कुणाला ती डोळ्यांनी बघावी लागेल, हे त्याच्या ध्यानीमनीही आलं नाही. आठ महिने त्रेचाळीस मशीनांवर तो न दिसणाऱ्या रेघा ओढत गेला आणि वहीत सह्या करत गेला.

निवृत्तीला दोन महिने उरले होते. सकाळी कप विसळत होता तेव्हा फोन आला. बसडेपोबाहेरचं मशीन उपटलं होतं. साखळी, ट्रक, नेहमीचंच. पण ट्रक डेपोच्या फाटकातून बाहेर पडताना मशीन दोन खांबांत अडकलं, साखळी तुटली, आणि चोर ट्रकसकट पळाले. पैसे जागच्या जागी होते. कुणाचं काही गेलं नव्हतं. गेलं ते हलव्याचं.

ऑफिसात साहेबांनी फोटो पुढे ठेवला. मशीन आडवं, खाली सिमेंटचा गड्डा लटकलेला, त्यात बोल्ट, आणि उघड्या तिजोरीत त्या बोल्टांवरचे नट.

"काका, रेघ कुठाय?"

"आहे."

"कुठाय?"

"दिसत नाही."

साहेबांनी चष्मा काढून त्याच्याकडे बघितलं. "रेघ आहे, पण दिसत नाही?"

हलव्याच्या स्वतःच्याच कानाला ते खोटं वाटलं. साहेबांनी मग उरलेली बेचाळीस मशीनं उघडून बघायला लावली. लाल रेघ एकावरही नाही. म्हणजे महिनोन् महिने या माणसानं काहीच बघितलं नाही, नुसत्या सह्या ठोकल्या, असा अर्थ निघाला. बाहेर त्याहून वाईट बोललं जात होतं, की नट ढिले करून ठेवले असतील, काकांचा वाटा असेल. चौकशी लागली. कागदावर स्वच्छ लिहिलं होतं, न बघता सह्या केल्याचं ठरलं तर कामावरून काढणार. निवृत्ती नाही, काढणार. एकतीस वर्षांच्या शेवटी तो शब्द.

शेजारणीनं त्या संध्याकाळी दार वाजवलं. तिला कळलं होतंच, भिंतीनं नव्हे, बारीक किल्लीवाल्यानं सांगितलं होतं.

"काहीतरी बोला की त्यांच्याशी," ती म्हणाली.

"बोललो. रेघ आहे म्हटलं."

"मग दाखवा."

"दाखवायची म्हणजे कशानं ओढली ते सांगावं लागतं. लाल का नाही, ते सांगावं लागतं." तो पान्यावरचं तेल पुसत होता, पुसून झालेला पाना पुन्हा पुसत होता. "पाच बाप्यांसमोर उभं राहून सांगू, की बायकोचा उजवा हात राहिला होता, म्हणून मशीनला लावत होतो?"

शेजारीण दाराकडे वळली. जाताना एवढंच म्हणाली, "ती असती तर तिनं तुमच्यासकट साहेबालाही झाडलं असतं."

"हो," तो म्हणाला, आणि ती गेल्यापासून पहिल्यांदा थोडा हसला.

चौकशी गोदामात झाली. मशीन तिथेच आणून आडवं टाकलेलं. मोठ्या कार्यालयातून एक बाई आल्या होत्या, साहेबांच्या मुलीच्या वयाच्या, हातात फाइल. साहेब, दोघे किल्लीवाले आणि गोदामाचा माणूस उभे होते. हलव्या सवयीनं भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बाई म्हणाल्या, "काका, इकडे बघा, आता आत नोटा नाहीत."

तो वळला.

"तुम्ही नट आवळले होते?"

"हो."

"रेघ ओढली होती?"

"हो."

"साहेब म्हणतात रेघ नाही."

"साहेबांचं बरोबर आहे. दिसत नाही."

जाड्या किल्लीवाल्यानं खाली मान घातली. बाईंनी टॉर्च मागितला, आणि समोरून न मारता खाली वाकून आडवा धरला, जमिनीलगत. बराच वेळ बघत राहिल्या. मग आपल्या अंगठ्याचं नख नटावरून फिरवलं. थांबल्या. पुन्हा फिरवलं.

"साहेब, तुम्ही उजेड कसा मारला होतात?"

"समोरून. सरळ."

बाईंनी आपला हात साहेबांपुढे धरला. "माझी नखं रंगवलेली आहेत की नाहीत?"

साहेब गडबडले. चारचौघांत परक्या बाईच्या नखांकडे बघायची त्यांची तयारी नव्हती. "नाहीत," ते म्हणाले.

"आहेत," बाई म्हणाल्या, आणि हात टॉर्चच्या आडव्या उजेडात आणला. नखं चमकली. मग तोच उजेड नटावर नेला. तीन नटांवर तीन बारीक चमकत्या रेघा, नटापासून पट्टीपर्यंत सलग. चौथा बोल्ट तुटूनच गेला होता. बाईंनी सिमेंटचा गड्डा पेनानं टोकरला, वर चार बोटं सिमेंट, खाली नुसता भुगा. नट ढिला झाला नव्हता, जमीनच पोकळ होती, आणि जमीन काही हलव्यानं घातली नव्हती.

"रेघ आहे," बाईंनी फाइलीत लिहिलं.

"एकदा वाचून दाखवता?" हलव्यानं विचारलं.

त्यांनी वाचलं. "रेघ आहे. अखंड आहे." मग जरा हळू आवाजात विचारलं, "हा रंग कुणी निवडला?"

"घरच्यांनी."

"त्यांना विचारलं असतं तर त्यांनीच सांगितलं असतं की हा दिसणारा रंग नाही."

"तिला तसाच हवा होता," तो म्हणाला. "दिसू नये असा."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि पुढचा प्रश्न विचारला नाही. फाइल मिटताना मात्र म्हणाल्या, "काका, तुमच्या जागी जो येईल त्याला ही दिसणार नाही. जाण्याआधी सगळ्या लाल करून द्याल?"

"देतो," हलव्या म्हणाला. चुकीचं काहीच बोलत नव्हत्या त्या.

म्हणजे आता पिनावाली टळत नव्हती. दुसऱ्या दिवशी तो जवळच्या रस्त्यानं निघाला. वाटेत उत्तर घोकलं, दोनदा बदललं. दुकानात शिरला, काउंटरवर तळहात ठेवून हलवून बघितलं. पक्कं होतं.

"आज बाई नाही आल्या?"

"नाही," तो म्हणाला. "नऊ महिने झाले, गेली."

पिनावालीच्या हातात पिनांचा पुठ्ठा होता, तो तिनं खाली ठेवला. मग मागे वळून न विचारताच लाल बाटली काढली, नेहमीची, आणि पुसून त्याच्यापुढे ठेवली.

"मशीनला ना?"

"तुम्हाला ठाऊक आहे?"

"सांगायच्या त्या. म्हणायच्या, नवरा रस्त्यापलीकडे लाजत उभा आहे, लवकर द्या. म्हणायच्या, आमच्या घरी एका बाटलीत चव्वेचाळीस जणी." तिनं दुसऱ्या बाटलीला हात घातला. "दोन देऊ का?"

"एकच. पुरेल."

निवृत्तीपर्यंतच्या दिवसांत त्यानं बेचाळीस मशीनं केली. जुनी रेघ पुसली नाही. तिच्या शेजारीच लाल ओढली. पुस्तिकेत लाल असावी एवढंच लिहिलंय, दुसरी नसावी असं कुठे लिहिलंय?

डेपोचं मशीन राहिलं होतं. तिथली जमीन खणून नव्यानं सिमेंट भरलं होतं, आणि ते मुरेपर्यंत थांबणं भाग होतं. ते नेमकं त्याच्या शेवटच्या दिवशी आलं. ऑफिसात त्याच्यासाठी चहा ठेवला होता, साहेब बोलणार होते. तो म्हणाला, आधी डेपो करून येतो.

किल्लीवाल्यांनी तिजोरी उघडली. डबे निघाले, तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. डबे बाजूला झाले, तो वळला, गुडघे टेकले. नट आवळले. फडक्यानं तेल पुसलं, कोपऱ्यापर्यंत, मग उजेडात बघून पुन्हा पुसलं. पहिला पातळ हात दिला. लांबून फुंकर मारली. थांबला. दुसरा हात दिला.

"काका," जाडा म्हणाला. "अंगाई राहिली."

"वाळवतोय रे."

बारीक किल्लीवाला हसला.

चारही रेघा वाळल्या. त्यानं नखानं एकेक चाचपली, वहीत सही केली, बाटलीचं झाकण घट्ट लावलं. तिजोरी बंद झाली. मग उठला, मशीनवर तळहात ठेवला आणि हलवून बघितलं. जाताना दारही हलवून बघितलं, नीट लागलंय का, आणि पिशवी खांद्याला लावून निघाला.